दुखतंय हे आमचं सांगणं, हाच पुरावा

(चाकणजवळच्या कामगार वस्तीतल्या बैठकीत मांडलेल्या बोलण्याचा मजकूर. गावोगावच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा.)



साथींनो, आयाबहिणींनो, वरच्या गावांतून एसटीने, पिकअपने आलेल्या थोरामोठ्यांनो,

आपल्या बैठकीत नेहमी जमिनीचं बोलणं होतं. दावा कुठं अडकला, मोजणी कधी होणार, फॉरेस्टवाल्यांनी काय नोटीस दिली. आज आम्ही दवाखान्याबद्दल बोलणार आहोत. त्यातही एकाच गोष्टीबद्दल. अपघात होऊन आपलं माणूस कॅज्युअल्टीत पोचतं, तेव्हा त्याच्या दुखण्यावर औषध मिळतं का, किती वेळाने मिळतं, आणि कुणाला आधी मिळतं.

कुणी म्हणेल, जमिनीच्या लढ्यात हे कुठून आलं? ते जमिनीतूनच आलंय. भीमेवर चासकमान झालं, घोडेवर डिंभे झालं, भामेवर भामा-आसखेड झालं. १९८५ साली भीमाशंकरचं अभयारण्य जाहीर झालं. धरणाचं पाणी खाली गेलं आणि पाण्यामागं आपली पोरंही खाली आली. भातखाचराचा तुकडा चार भावांना पुरत नाही. हिरड्याचा हंगाम थोड्या दिवसांचा. मग बारावी झालेलं पोरगं चाकणच्या गेटवर ठेकेदाराची वाट बघत उभं राहतं. त्याच रांगेत नंदुरबारचा पावरा असतो, मेळघाटचा कोरकू असतो, झारखंड-ओडिशाचा आदिवासी असतो. भाषा सगळ्यांच्या वेगळ्या, पण बारा तासांची पाळी आणि पॉवर प्रेस सगळ्यांना सारखीच.

प्रेसवर काय होतं ते इथं बसलेल्या कामगारांना सांगायला नको. गावाकडच्यांसाठी सांगतो. पत्र्याचा तुकडा डायवर ठेवायचा, हात काढायचा, पायडल मारायचं, वरून टनावारी दाब खाली येतो. हात मध्ये असला तर मशीन थांबावी म्हणून सेन्सर असतो. पण सेन्सर लावला की पीस कमी निघतात, म्हणून तो काढून ठेवतात किंवा बिघडला तर बसवत नाहीत. मग एखाद्या रात्री डोळ्यावर झापड आलेली असताना प्रेस डबल पडते, आणि बोटं जातात. ‘सेफ इन इंडिया’ नावाची संस्था गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या अपघातांवर २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. क्रश्ड म्हणजे चिरडलेले. सुरुवात हरियाणाच्या गुडगाव-मानेसरपासून झाली, पुढं आपला पुण्याकडचा पट्टाही त्यात आला. चिरडले जाणारे बहुतेक बाहेरगावचे, कमी पगाराचे कामगार, आणि अपघातांत मोठा वाटा पॉवर प्रेसचा, हे त्या अहवालांत पुन्हापुन्हा येतं.

बोट गेल्यावर पुढचे दोन तास कसे जातात, हे कुठल्याच अहवालाच्या तक्त्यात नीट येत नाही. आम्ही पोरंपोरी जखमी साथींबरोबर दवाखान्यात जातो, बाकावर रात्र काढतो. सरकारी बघितले, खासगी बघितले. कुठल्या एका दवाखान्याचं किंवा डॉक्टरचं नाव आम्ही घेणार नाही, कारण हे एकाचं नाही.

एका रात्रीचं सांगतो. आमचा एक हेल्पर साथी दोन बोटं चिरडून आला होता. हाताला फडकं गुंडाळलेलं, फडक्यातून रक्त ठिबकत होतं, पण तोंडातून आवाज नव्हता. शेजारच्या खाटेवर कुठल्या तरी ऑफिसातले एक साहेब होते, पाय मुरगळलेला. साहेब इंग्रजीत बोलत होते. त्यांना विचारलं, “दुखणं किती आहे? शून्य ते दहात सांगा.” इंजेक्शन झालं, पायाखाली उशी आली. आमच्या साथीला विचारलं, “कुठल्या कंपनीत? आधार आहे का? ठेकेदार कुठंय?” दुखतंय किती, हे विचारलंच नाही. बोट बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं, पण ते लागू पडायच्या आधीच धुवायला आणि टाके घालायला सुरुवात झाली. साथीचं सगळं अंग थरथरत होतं. धरायला उभा असलेला माणूस कौतुकाने म्हणाला, “ही रानातली माणसं काटक असतात. यांना आपल्याएवढं लागत नाही.”

साथींनो, आज या ‘काटक’ शब्दाबद्दल बोलायचंय. शिवी दिली तर आपण उठून उभे राहतो. पण हे कौतुक आहे, म्हणून आपण ऐकून घेतो. डोंगर चढता, ओझं वाहता, अनवाणी चालता, म्हणजे तुम्ही काटक. काटक आहात, म्हणजे तुम्हाला कमी दुखतं. कमी दुखतं, म्हणजे औषध थोडं कमी चालेल, थोडं उशिरा चालेल. कौतुकाने सुरू झालेली गोष्ट सुई न मिळण्यावर येऊन थांबते. आणि यात कुणाला वाटतही नाही की आपण काही वाईट केलं.

हे फक्त आपल्यालाच वाटतं असं नाही. अमेरिकेत डॉक्टरांनीच डॉक्टरांचे केसपेपर तपासले. १९९३ साली लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागाचे कागद काढले. हातापायाची लांब हाडं मोडून आलेले पेशंट. हाड तेच, विभाग तोच. गोऱ्या पेशंटांत १०० पैकी २६ जणांना वेदनेचं काहीच औषध मिळालं नव्हतं. मेक्सिको वगैरे देशांतून आलेल्या, स्पॅनिश बोलणाऱ्या समाजाच्या पेशंटांत ते प्रमाण १०० पैकी ५५ होतं. २००० साली अटलांटा शहरातला असाच अभ्यास छापून आला. हाड मोडलेल्या गोऱ्यांपैकी ७४ टक्के लोकांना वेदनेचं औषध मिळालं, काळ्यांपैकी ५७ टक्के लोकांना. दुखतंय अशी तक्रार दोघांच्याही कागदावर सारखीच लिहिलेली होती.

मग २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि शिकाऊ डॉक्टरांना काही वाक्यं दिली आणि खरं की खोटं ते विचारलं. काळ्या माणसाची कातडी जाड असते, त्याच्या नसांना कमी जाणवतं, अशी ती वाक्यं. अशी वाक्यं खोटी. तरी सुमारे निम्म्या जणांनी त्यातलं निदान एखादं वाक्य खरं मानलं. आणि ज्यांनी अशी वाक्यं खरी मानली, त्यांनी काळ्या पेशंटचं दुखणं कमी धरलं आणि त्यावरचे उपायही कमी बरोबर सुचवले. ही शिकलेली मुलं होती. त्यांच्या मनात कुणाबद्दल द्वेष असेलच असंही नाही. पण तिथली जाड कातडी आणि इथला काटकपणा हे एकाच माळेचे मणी आहेत.

आता आपल्या पट्ट्यात हे कसं घडतं ते नीट उलगडून बघू. आम्हाला पाच गोष्टी दिसतात.

पहिली, भाषा. कोरकू, पावरी, संथाली बोलणारा साथी मराठी डॉक्टरपुढं गप्प बसतो. आपले ठाकर-महादेव कोळीही शहरी मराठीपुढं बिचकतात. गप्प बसला म्हणजे दुखत नसेल, असं धरलं जातं.

दुसरी, मधला माणूस. सुपरवायझर किंवा ठेकेदाराचा माणूस बरोबर येतो आणि पेशंटच्या ऐवजी तोच बोलतो. “किरकोळ आहे डॉक्टर, टाके घालून सोडा, उद्या कामावर यायचाय.” दुखतंय एकाला आणि सांगतोय दुसरा, ज्याला ते दुखणं कागदावर नकोच आहे.

तिसरी, संशय. रात्री आलेला मजूर म्हणजे प्यालेला असणार. ओरडला तर नाटक करतो. नाही ओरडला तर काटक आहे. दोन्हीकडून सुई लांबच.

चौथी, बाईमाणूस. कळा देणाऱ्या बाईला काय ऐकावं लागतं ते इथल्या आयाबहिणींना विचारा. कारखान्यातही बाया आहेत. ८ डिसेंबर २०२३ ला आपल्याच पिंपरी-चिंचवडमधल्या तळवड्यात वाढदिवसाच्या फुलबाजी मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. जळालेल्यांत बहुतेक बाया होत्या. भाजलेल्या अंगाचं ड्रेसिंग बदलणं हे भाजण्याइतकंच जीवघेणं असतं, आणि ते पुन्हापुन्हा करावं लागतं. ‘बाईला सोसायची सवय असते’ हे वाक्यही काटक या शब्दाचीच बहीण आहे.

पाचवी गोष्ट कायद्याची. मॉर्फिनसारखी कडक औषधं अफूपासून होतात. आपल्याच देशात मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने इतके परवाने आणि इतकी भीती आणली की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ साली संसदेने कायदा बदलून अशी गरजेची औषधं मिळवणं सोपं केलं. तरी डॉक्टरच्या मनातली भीती कायद्याच्या वेगाने जात नाही. ज्याच्यावर आधीच संशय आहे, त्याच्यासाठी ते कुलूप उघडायला हात आणखीच कचरतो.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. चिरडलेल्या बोटाला दरवेळी मॉर्फिन लागत नाही. लिग्नोकेन नावाचं साधं, स्वस्त औषध बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी टोचलं की सगळं बोट बधिर होतं. दात काढताना हिरडीत देतात, त्याच जातीचं. ते देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते लागू पडायला काही मिनिटं जातात. म्हणजे बऱ्याच वेळा आपल्याला कमी पडतं ते औषध नसतं, ती पाच-दहा मिनिटं असतात. ती मिनिटं कुणासाठी थांबायची आणि कुणासाठी नाही, हे तिथं उभ्याउभ्या ठरतं.

आणखी एक आठवण देतो. देशातला पहिला सरकारी पेनिसिलीनचा कारखाना, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ साली निघाला तो इथंच, पिंपरीत. औषध कसं बनतं हे या मातीने देशाला दाखवलं. त्याच मातीत बोट गमावणाऱ्याला बधिर व्हायला पाच मिनिटं मागावी लागतात.

कुणी म्हणतं, जीव वाचला हे महत्त्वाचं, दुखणं काय, चार दिवसांत जातं. हे खरं नाही. बरगडी मोडलेला माणूस दुखतं म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग छातीत कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. हिरड्याच्या झाडावरून पडणाऱ्यांत बरगडी मोडणारे कमी नसतात, तेव्हा गावाकडच्यांनी हे ध्यानात धरावं. सुरुवातीचं जोराचं दुखणं नीट थांबवलं नाही तर काही जणांत ते मुरतं आणि वर्षानुवर्षं राहतं. गेलेल्या बोटाच्या जागी रात्री ठणका लागतो, खाज सुटते, हे इथं बसलेल्या साथींना माहीत आहे. बोट नाही आणि बोट दुखतंय, हे घरच्यांनाही सांगता येत नाही. ते वेड नाही. मेंदूत त्या बोटाची जागा अजून जागी असते. डॉक्टर ते ओळखतात, त्यावर औषधं आहेत, ती मागा.

आता डॉक्टरांची बाजूही मांडतो, कारण खोटं बोलून लढा चालत नाही. रात्रपाळीला एकच डॉक्टर असतो आणि दारात चार गाड्या उभ्या असतात. काही वेळा औषध थांबवण्याला खरं कारण असतं. डोक्याला मार असेल तर गुंगीचं औषध जपून देतात, कारण पेशंट शुद्धीवर आहे का ते बघायचं असतं. साप चावला असेल तर डायक्लोफेनॅकसारखं औषध टाळतात, रक्त वाहणं वाढू शकतं. तिथं पॅरासिटामॉल देतात. पोटदुखीला मात्र ‘औषध दिलं तर रोग लपेल’ ही समजूत आता जुनी झाली. दुखणं कमी करूनही तपासणी नीट होते, हे अभ्यासांनी दाखवलंय. तेव्हा औषध का देत नाही, असं विचारायचं आणि कारण ऐकायचं. कारण पटलं तर थांबायचं. ‘काटक आहात’ हे मात्र कारण होत नाही.

आणि ऐकणारे डॉक्टरही आपल्याच महाराष्ट्रात झाले. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर होते. लाल विंचू चावून कोकणातली गोरगरीब माणसं मरायची. ‘विंचवाचं काय, दुखून राहतं’ असं म्हणून त्यांनी सोडलं नाही. खाटेजवळ बसून घाम, नाडी, छातीची धडधड, श्वास सगळं लिहून ठेवलं. विष हृदयावर जातं हे जगाला दाखवलं, पुढं प्राझोसिन नावाचं औषध वापरून माणसं वाचवली. इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात ते छापून आलं, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळं सुरू झालं ते गरीब पेशंटचं दुखणं खरं मानून लिहून ठेवण्यातून.

आता मुद्द्यावर येतो. आपण जमिनीच्या लढ्यात काय मिळवलं? फॉरेस्टवाले म्हणायचे, कागद दाखवा. आपल्या आज्याने पंज्याने कसलेल्या जमिनीचा कागद आपल्याकडं नव्हता. मग २००६ चा वनहक्क कायदा आला, २००८ चे नियम आले. त्यातल्या तेराव्या नियमाने पुराव्यांच्या यादीत गावातल्या जाणत्या माणसांचा जबाबही धरला. म्हातारी सांगते, हा बांध माझ्या सासऱ्याने घातला, ते लिहून घ्यायचं आणि तो पुरावा मानायचा. त्याच्या जोडीला बांध, विहीर, घर अशी खूण. सांगणं आणि खूण, दोन्ही मिळून दावा उभा राहतो.

दुखण्याचंही तसंच आहे. दुखणं एक्स-रेत दिसत नाही. ज्याला होतं तोच सांगू शकतो. जगभरच्या वेदनातज्ज्ञांची आयएएसपी नावाची संघटना आहे. तिने वेदनेची व्याख्या २०२० साली नव्याने केली. तिच्या खाली लिहिलंय की माणूस आपल्याला वेदना होते असं सांगतो तेव्हा त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. आणि हेही लिहिलंय की बोलता येत नाही म्हणून वेदना नाही, असं होत नाही. म्हणजे आपला तेरावा नियम आणि त्यांची व्याख्या एकच गोष्ट सांगतात. आमचं सांगणं हा पुरावा आहे. तो लिहून घ्या.

कायदाही आपल्या बाजूला आहे. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जखमी माणसाला आधी उपचार, पोलिसांचे सोपस्कार नंतर. १९९६ चा निकाल तर आपल्यासारख्यांच्याच संघटनेने मिळवला. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी जागा नाही म्हणून परत पाठवलं. त्याची संघटना, पश्चिम बंग खेत मजदूर समिती, कोर्टात गेली. कोर्टाने सांगितलं की तातडीचे उपचार न देणं म्हणजे घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग. सरकारला २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली. २०१८ साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने रुग्ण हक्कांची सनद तयार केली, १७ हक्कांची. त्यात तातडीच्या उपचाराचा हक्क आहे, भेदभाव न होण्याचा हक्क आहे, आपले कागद मिळण्याचा हक्क आहे. नुसती सनद म्हणजे कायदा नव्हे. पण २०२१ साली महाराष्ट्र सरकारने खासगी शुश्रूषागृहांच्या नियमांतच रुग्ण हक्कांची सनद घातली आणि ती दवाखान्यात लोकांना दिसेल अशी लावायला सांगितली. भिंतीवर बघा. नसेल तर विचारा.

कागद का महत्त्वाचा, तेही सांगतो. नुकसानभरपाईच्या कायद्याच्या तक्त्यात बोटांचे टक्के ठरलेले आहेत. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरतात, अंगठ्याशेजारचं बोट १४ टक्के, मधलं १२, करंगळी ७. दुखण्याला त्या तक्त्यात टक्का नाही. म्हणून केसपेपरवर वेदना लिहिली गेली नाही, तर ती कुठंच उरत नाही. आमच्या हातात आलेल्या कागदांवर जखम लिहिलेली असते, टाके लिहिलेले असतात. दुखण्यासाठी एक ओळही नसते.

तेव्हा करायचं काय? पाठ करा आणि गावात, खोल्याखोल्यांत सांगा.

एक. तुटलेलं बोट टाकू नका. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका. १०८ ला फोन करा, ती गाडी फुकट असते.

दोन. पेशंट एकटा पाठवायचा नाही. ठेकेदाराचा माणूस असला तरी आपला एक माणूस हवाच, जमल्यास त्याची भाषा बोलणारा. बाई पेशंट असेल तर बरोबर बाई हवी.

तीन. आकडा सांगा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. “डॉक्टर, दुखणं दहापैकी आठ आहे.” आकडा वाढवू नका, कमीही करू नका. ज्याला आकडा जमत नाही त्याच्यासाठी बोटं दाखवा. लेकरू असेल तर रडक्या-हसऱ्या चेहऱ्यांचं चित्र असतं, ते मागा.

चार. आपले शब्द वापरा. ठणकतंय, टोचतंय, आग होतेय, कळ येतेय, मुंग्या येतायत, चमक मारतेय. हे गावंढळ शब्द नाहीत. आग आणि मुंग्या म्हणाल तर नसेला इजा असेल हे डॉक्टरला कळतं. ठणका म्हणाल तर सूज, पू तपासला जातो.

पाच. टाक्यांच्या आधी विचारा, “बधिर केलं का? लागू पडलं का बघून मग सुरू करा.” हे हात जोडून, पण स्पष्ट सांगा.

सहा. जे आहे ते खरं सांगा. दारू घेतली असेल तर तेही. दमा, किडनीचा आजार, पोटातला अल्सर, कुठल्या औषधाने अंगावर पुरळ आलं होतं, हे सगळं सांगा. गर्भार बाई असेल तर आधीच सांगा. त्यावर औषध ठरतं.

सात. कागदावर काय लिहिलंय ते वाचून घ्या. किती वाजता आलो, दुखणं किती होतं, कुठलं औषध किती वाजता दिलं. ‘घरी पडून लागलं’ असं ठेकेदाराने लिहायला लावलं तर तिथंच थांबवा. कंपनीत, मशीनवर, हे लिहिलंच पाहिजे. मोठी इजा असेल तर पिंपरीचं वायसीएम आहे, पुण्याचं ससून आहे. ज्याच्या पगारातून इएसआय कापला जातो त्याच्यासाठी चिंचवडला मोहननगरचं इएसआय रुग्णालय आहे. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याला इएसआय लागू होतो, आणि कामावरच्या अपघाताला त्याचं संरक्षण पहिल्या दिवसापासून असतं. ‘नवीन आहे, अजून कार्ड नाही’ हे ऐकून घेऊ नका.

गावाकडच्यांसाठी वेगळं काम आहे. ग्रामसभेत ठराव घ्या की आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बधिर करण्याचं औषध आणि वेदनेची औषधं आहेत का, ते दर महिन्याला दोघांनी जाऊन बघावं. आशाताईंना बरोबर घ्या. जो कुणी दवाखान्यातून आला त्याचा कागद बघून वहीत तीन गोष्टी लिहा. कधी पोचला, दुखणं किती विचारलं का, औषध कधी मिळालं. नाव लिहू नका, फक्त गाव आणि काम लिहा. दाव्यांची फाईल आपण अशीच उभी केली, एकेक म्हातारीचा जबाब लिहून. वर्षभरात अशी वही भरली की ती घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांकडं जाऊ. ‘आम्हाला वाटतं’ असं म्हणायचं नाही. वही पुढं ठेवायची.

आणि घरात एक करा. पोरगं पडलं, गुडघा फुटला, तर ‘मर्दासारखा गप्प बस’ म्हणू नका. कुठं दुखतंय, कसं दुखतंय, ते त्याला सांगू द्या. ज्या पोराला घरात सांगायची सवय लागेल, ते उद्या कॅज्युअल्टीतही सांगेल.

आम्ही काटक आहोत. डोंगर चढतो, आवणीत दिवसभर वाकतो, बारा तास प्रेसवर उभे राहतो. ते आमचं कष्टाचं बळ आहे. त्याचा अर्थ आमच्या नसा वेगळ्या आहेत असा होत नाही. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने आपली वही आणावी. पहिलं पान कोऱ्या ओळींनी नको, निदान एका नोंदीने भरलेलं असावं.

जिंदाबाद!